लिव्हर दुखायची वाट पाहू नका

कामण, देवदळ, पोमण, मोरी, नागले, चिंचोटी, बापाणे, ससूनवघर, मालजीपाडा इथले रहिवासी आणि या पट्ट्यातल्या गाळ्यांत, गोदामांत राबणारे कामगार, तुम्हा सर्वांना ही कळकळीची विनंती आहे. दिवाळीच्या फराळाची कढई चढायच्या आत ती वाचा. घरात वाचून दाखवा. शेजारच्या खोलीतल्या ज्या भावाला मराठी येत नाही, त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा.

मागणं तीन गोष्टींचं आहे. एकदा तळणाला वापरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवणं आजपासून बंद करा. घरात महिन्याला किती तेल येतं ते मोजा आणि कमी करा. त्यातही पामतेल आणि वनस्पती तूप सर्वांत आधी. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने यंदा एकदा लिव्हरची तपासणी करून घ्या, मग पोट सुटलेलं असो वा नसो.

एवढी घाई कशाला, असं कुणी विचारेल. लिव्हरमध्ये चरबी साठते तेव्हा काही दुखत नाही, म्हणूनच घाई आहे. ताप येत नाही, काम अडत नाही, भूकही लागते. चरबीनंतर सूज येते, सुजेनंतर आतल्या आत व्रण धरायला लागतात, आणि व्रणांनी लिव्हर कडक झालं की त्याला सिरॉसिस म्हणतात. पाय सुजणं, पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी ही लक्षणं तिथे पोचल्यावर दिसू लागतात. दारूला कधी न शिवलेल्या माणसालाही हे होतं. पहिल्या टप्प्यातली चरबी उतरते, सूजही बरीच ओसरते. सिरॉसिस मात्र सहसा मागे फिरत नाही, आणि लिव्हर बदलण्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो. आपल्यापैकी किती जण तो पेलू शकतील, हे मी सांगायला नको.

मी मुलांना विज्ञान शिकवते. पाठ्यपुस्तकात तेल-तूप ‘ऊर्जा देणारे पदार्थ’ या रकान्यात येतं आणि तिथेच थांबतं. त्याच्या पुढची गोष्ट गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत हळूहळू उलगडली आहे. ती कळली तर आपल्या स्वयंपाकघरातले निर्णय बदलतील असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लिव्हरच्या पेशीत तीच जनुकं असतात जी डोळ्याच्या किंवा कातडीच्या पेशीत असतात. कोणती जनुकं चालू ठेवायची आणि कोणती बंद, यावर पेशीचं काम ठरतं. जनुक चालू झालं की त्याच्या नोंदीबरहुकूम एन्झाइम तयार होतं. लिव्हरमधली काही एन्झाइम साखरेपासून चरबी बांधतात, काही चरबी जाळतात, काही कोलेस्टेरॉल बनवतात, काही औषधं आणि विषं निकामी करतात. कोणती किती तयार व्हायची, याचं प्रमाण जन्मभरासाठी ठरलेलं नसतं; ते दिवसागणिक, जेवणागणिक बदलतं. आपल्या इथल्या गाळ्यात पाळी बदलली की कोणतं मशीन चालवायचं याची चिठ्ठी मुकादम देतो. जेवणातलं तेल लिव्हरमध्ये कच्चा माल म्हणून तर जातंच, शिवाय अशी चिठ्ठी म्हणूनही जातं.

ही चिठ्ठी वाचणारी प्रथिनं शास्त्रज्ञांना सापडली आहेत. १९९० साली उंदराच्या लिव्हरमधून असं एक प्रथिन ओळखलं गेलं, त्याला पीपीएआर-अल्फा म्हणतात. मेदाम्ल, म्हणजे तेल पचल्यावर सुटणारा त्याचा घटक, या प्रथिनाला थेट चिकटतं. चिकटलं की हे प्रथिन डीएनएवर जाऊन बसतं आणि चरबी जाळणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू करतं. या कामात सगळी तेलं सारखी नसतात. मासळीतली आणि जवसासारख्या बियांमधली बहुअसंतृप्त मेदाम्लं यात विशेष तरबेज आहेत.

दुसरं प्रथिन एसआरईबीपी-१सी. कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी १९८५ साली नोबेल मिळवलेल्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या जोडीच्या डॅलसमधल्या प्रयोगशाळेने १९९०च्या दशकात या प्रथिनांच्या कुटुंबाचा उलगडा केला. ते पेशीच्या आतल्या एका पडद्यात अडकवून ठेवलेलं असतं. जेवल्यावर इन्सुलिन वाढलं की त्याचा एक तुकडा कापून मोकळा होतो, पेशीच्या केंद्रात शिरतो आणि चरबी बांधणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू करतो. बहुअसंतृप्त तेलं हे कापणंच रोखतात आणि या प्रथिनाचं उत्पादनही कमी करतात. संतृप्त मेद, म्हणजे थंडीत घट्ट होणारी चरबी, असं रोखत नाही. उलट २००५ साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं, की संतृप्त मेदाने भरलेलं खाणं पीजीसी-१ बीटा नावाचं मदतनीस प्रथिन वाढवतं, आणि ते एसआरईबीपीचा हात धरून चरबी बांधण्याचं काम आणखी जोरात चालवतं. म्हणजे ताटात चमचा तेवढाच आणि उष्मांकही तेवढेच असले, तरी तेल बदललं की लिव्हरला मिळणारा हुकूम बदलतो.

हे सगळं उंदरांपुरतं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. स्वीडनमधल्या उप्साला इथे २०१४ साली ३९ तरुण, सडपातळ माणसांना सात आठवडे रोजच्या जेवणावर जादा मफिन खायला दिले. एका गटाचे मफिन पामतेलातले, दुसऱ्याचे सूर्यफुलाच्या तेलातले. वजन दोन्ही गटांचं सारखंच, सुमारे दीड किलोने वाढलं. पण पामतेलवाल्यांच्या लिव्हरमध्ये चरबी कितीतरी जास्त साठली आणि पोटातली आतली चरबी दुसऱ्या गटाच्या दुप्पट वाढली. सूर्यफूलवाल्यांचं वाढलेलं वजन बऱ्याच अंशी स्नायूंत गेलं होतं.

२०१७ साली जर्मनीत याहून डोळे उघडणारा प्रयोग झाला. १४ निरोगी, सडपातळ तरुणांना पामतेल फक्त एकदा प्यायला दिलं. काही तासांत त्यांच्या लिव्हरमधली चरबी ३५ टक्क्यांनी वाढली आणि शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद २५ टक्क्यांनी घटला. त्याच संशोधकांनी उंदरांच्या लिव्हरमध्ये पाहिलं, तर त्या एका मात्रेनंतर फॅटी लिव्हरशी, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठण्याच्या आजाराशी, संबंधित जनुकांचं चालू-बंद होणं बदललं होतं. एका खेपेत एवढं होत असेल, तर सकाळी वडापाव, दुपारी तळणाची भाजी आणि संध्याकाळी भजी असा दिवस वर्षानुवर्षं काढणाऱ्या माणसाच्या लिव्हरला उसंत कधी मिळते?

२०१८ सालचा फिनलंडचा अभ्यास मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो कुणालाच सोडत नाही. तीन आठवडे लोकांना रोज हजार उष्मांक जादा दिले. ज्यांना ते संतृप्त मेदातून मिळाले त्यांच्या लिव्हरची चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेतून मिळालेल्यांची ३३ टक्क्यांनी, आणि असंतृप्त मेदातून मिळालेल्यांची १५ टक्क्यांनी. म्हणजे शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल आणलं की हवं तेवढं ओता, असा अर्थ कुणी काढू नये. आणि दिवसभर साखरेचा चहा, थंड पेयाची बाटली, वर पांढऱ्या भाताचा डोंगर हेही निर्दोष नाही. साखर लिव्हरमध्ये चरबी बांधणारी जनुकं आपल्या स्वतंत्र वाटेने चालू करते. तेल आणि साखर एकत्र आली की दोन्ही वाटांनी एकच काम होतं. चहात बुडवलेली खारी हे त्याचं रोजचं उदाहरण.

आता आपल्या कढईकडे येते. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे. ते स्वस्त आहे, तळताना टिकतं, वास देत नाही. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखरेसोबत एक लिटर पामतेल होतं. ज्या घरात महिन्याचे पैसे पंचवीस तारखेलाच संपतात, त्या घराला दोष देणं मला मान्य नाही. पण पामतेलाचा सुमारे निम्मा भाग संतृप्त मेद असतो. शेंगदाणा तेलात तो साधारण पाचवा भाग आणि सोयाबीन तेलात सुमारे १५ टक्के. म्हणून माझं सांगणं असं आहे, की महाग तेल तेवढंच आणू नका. चांगलं तेल कमी आणा, खर्च जुळतो. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन ते अडीच लिटर तेल पुरतं, म्हणजे माणशी रोज चार छोटे चमचे. पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. संपली त्या दिवशी पुन्हा लिहा. एवढं केलं तरी कुठे गळती आहे ते घरातल्या बाईला महिनाभरात कळेल, आणि ते तिला एकटीला कळून भागणार नाही. भाजीवर तवंग दिसला नाही म्हणून कुरकुरणाऱ्या पुरुषांनीही त्या तारखा वाचल्या पाहिजेत.

एकाच तेलावर वर्षभर राहू नका. शेंगदाणा, तीळ, सोयाबीन, मोहरी अशी आलटून पालटून वापरा. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात खुरासणीचं तेल पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलं. त्यात बहुअसंतृप्त मेद भरपूर असतो. घाण्यावर मिळालं तर फोडणीला जरूर वापरा. सुटं तेल, भांडं घेऊन जाऊन आणलेलं, अजिबात घेऊ नका. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे, आणि त्यात काय मिसळलं आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वनस्पती तूप आणि त्यापासून केलेली खारी, पफ, नानकटाई यांबद्दल थोडक्यात. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला आणि लिव्हरला दोघांनाही वाईट. जानेवारी २०२२ पासून देशात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. हे मोठं पाऊल आहे, पण ट्रान्स फॅट गेलं तरी त्या जागी आलेलं घट्ट तेल बहुधा पामचंच असतं.

आणि आता काळं तेल. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक चालतात, त्यांच्या चालकांसाठी ढाबे चालतात, गाळ्यांच्या तोंडाशी वड्याच्या गाड्या चालतात. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यातला चांगला, बहुअसंतृप्त भाग आधी जळतो. म्हणजे लिव्हरला ‘चरबी जाळ’ असं सांगणारा भाग आधी संपतो आणि उरतात तुटकी, ऑक्सिजनने बिघडलेली द्रव्यं. अशा तेलावर ठेवलेल्या प्रयोगातल्या उंदरांचं लिव्हर मोठं होतं, आणि परकी द्रव्यं निकामी करणारी एन्झाइम त्यात जास्त तयार होऊ लागतात. लिव्हर त्या तेलाला विष समजून लढत असतं. या बिघडलेल्या द्रव्यांचं प्रमाण मोजता येतं. २०१८च्या जुलैपासून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे गेलेलं तेल खाण्यासाठी वापरणं बेकायदा आहे. असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली, आणि दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला लागणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने त्याची नोंद ठेवायची आहे.

गाडीवाल्या दादांना आणि ढाबेमालकांना माझं सांगणं रागाचं नाही. तुमच्या गाडीवर कित्येक कामगारांचं सकाळचं पोट भरतं, आणि तेलाचा डबा किती महागला आहे ते मला दिसतं. पण तुम्हीही तेच वडे खाता, तुमची मुलंही खातात. कढई लहान घ्या म्हणजे तेल कमी लागेल. जुन्या तेलात नवं ओतून ते चालवत राहू नका. जुनं नव्यालाही बिघडवतं. तेलावर फेस धरू लागला, ते गडद आणि चिकट झालं, नेहमीपेक्षा लवकर धुरायला लागलं, की त्याचा दिवस संपला. ते गटारात ओतू नका, ओढ्यातून खाडीत जातं, डब्यात साठवा. मोठ्या हॉटेलातलं वापरलेलं तेल स्वस्तात देणारा माणूस दारात आला तर त्याला परत पाठवा. आणि आपण गिऱ्हाइकांनी वडा एक रुपयाने महाग झाला म्हणून भांडू नये, तेल कधीचं आहे हे मात्र रोज विचारावं. विचारणारे वाढले की कढई बदलते.

घरच्या दिवाळीचंही असंच. चिवडा तळलेल्या पोह्यांऐवजी भाजक्या पोह्यांचा करा. शेव, चकली एकाच दिवशी, एकाच ताज्या तेलात तळून मोकळे व्हा. उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीला संपवा. पुन्हा तळणाला नको.

आता त्यांच्याशी बोलते जे म्हणतील, हे जाड्या, बसून खाणाऱ्या शहरी लोकांचं दुखणं, आम्ही दिवसभर गोणी उचलतो, आम्हाला कुठे पोट आहे. हा गैरसमज आपल्या भागात फार धोक्याचा आहे, आणि तो खोडून काढणारं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचंही उंची-वजनाचं गुणोत्तर अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी, अशी आपली ठेवण आहे. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. स्नायू आणि पोटातले अवयव आपल्या बाळांचे लहान, पण कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच.

पश्चिम बंगालमधल्या बीरभूमच्या खेड्यांतला, २०१० साली छापून आलेला अभ्यास तर थेट लिव्हरचाच. शेतमजुरांच्या त्या गरीब भागात ८.७ टक्के प्रौढांना फॅटी लिव्हर निघालं, आणि त्यातल्या चारपैकी तिघांचं वजन जाड म्हणण्याइतकं नव्हतंच.

आपल्या जिल्ह्याला भूक नवी नाही. १९९२ साली जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. त्या काळात डोंगरात जन्मलेली मुलं आज तिशी ओलांडून चाळिशीकडे चालली आहेत, आणि त्यातली कित्येक पोटासाठी वसई-भिवंडीकडे उतरली आहेत. भूक आणि लिव्हरची चरबी यांचं नातं वैद्यकाला जुनं ठाऊक आहे: प्रथिनं मिळाली नाहीत की चरबी लिव्हरबाहेर वाहून न्यायला लागणारं प्रथिनच बनत नाही, आणि उपाशी, सुजलेल्या मुलाच्या लिव्हरमध्ये चरबी साचते. इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनच्या संशोधकांनी २००५ साली याहून खोल गोष्ट दाखवली. गाभण उंदरिणींना प्रथिनं कमी दिली, तर त्यांच्या पिलांच्या लिव्हरमध्ये पीपीएआर-अल्फाच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा बदललेल्या निघाल्या. आईच्या उपासाची नोंद बाळाच्या लिव्हरने ठेवली होती. तसंच कमी प्रथिनांचं खाणं दिलेल्या दुसऱ्या उंदरिणींना फॉलिक ॲसिड जास्त दिलं तेव्हा हा बदल झाला नाही. माणसात हे असंच्या असं घडतं असा माझा दावा नाही. पण जिथे आधीची पिढी उपाशी वाढली आणि पुढची अचानक पामतेल आणि साखरेवर आली, तिथे आपण दुप्पट सावध राहायला हवं. म्हणून गरोदर लेकी-सुनांना सांगा, अंगणवाडीतून, आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या चुकवू नका. डाळ, अंडं, मासळी तुमच्या ताटात सर्वांत आधी वाढली गेली पाहिजे.

मासळीचं एक सांगायचं राहिलं. बांगडा आणि तारली या सर्वांत स्वस्त मासळीत लिव्हरला हवं असलेलं बहुअसंतृप्त तेल भरपूर असतं. पण ती रवा लावून बुडत्या तेलात तळली, की वर चढलेलं तेल तिच्या गुणावर मात करतं. कालवण करा, भाजून खा, तव्यावर थोड्या तेलात परता. मासळी न खाणाऱ्यांनी जवसाची चटणी रोज जेवणात ठेवावी. भाताचा ढीग थोडा कमी करून तिथे नाचणीची भाकरी आणि डाळ येऊ द्या.

दारूबद्दल एवढंच बोलते, आणि ते नीट ऐका. लिव्हरमध्ये सीवायपी-२ई१ नावाचं एन्झाइम आहे. दारूने ते वाढतं, लिव्हरमध्ये चरबी साठल्यावरही ते वाढलेलं आढळतं. हेच एन्झाइम पॅरासिटामॉलच्या गोळीचा एक अंश विषात बदलतं. रात्री प्यायलेल्या माणसाने सकाळी अंगदुखीसाठी एकावर एक गोळ्या घेणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं. फॅटी लिव्हर असलेल्याने दारू पूर्ण सोडावी. थोडी चालते, असं त्याने स्वतःला समजावू नये.

तपासणी कशी करायची? आधी घरीच टेप लावा. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरपेक्षा, बायकांची ८० पेक्षा जास्त असेल तर थांबू नका. साखर, रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात कुणाला मधुमेह असलेल्यांनी कंबर कितीही असली तरी जावं. २०२१ पासून फॅटी लिव्हर हा मधुमेह, रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलेला आजार आहे, त्यामुळे सरकारी आरोग्य केंद्रात त्याबद्दल विचारणं हा तुमचा हक्क आहे. आशाताईंना विचारा, त्या कुठे जायचं ते सांगतील. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या साध्या रक्तचाचण्या करा. हे तीन आकडे आणि तुमचं वय एवढ्यावरून डॉक्टर ‘फिब-४’ नावाचा हिशोब मांडून लिव्हरमध्ये व्रण धरले असण्याची शक्यता किती ते सांगू शकतात, त्याला वेगळा पैसा लागत नाही. तो हिशोब त्यांच्याकडे मागा. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. चरबी असतानाही ते नॉर्मल येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तर सोनोग्राफीही करा. तिच्या कागदावर ‘ग्रेड वन’ आलं आणि ‘ग्रेड वन तर सगळ्यांनाच असतं’ असं कुणी म्हणालं तरी कागद कपाटात ठेवून देऊ नका. आणि काविळीवर, लिव्हरवर म्हणून बाटलीत मिळणारी नाव-गाव नसलेली औषधं घेऊ नका. त्यांचा भारही त्याच लिव्हरवर पडतो.

यातून सुटका होते, हे मला फार ठासून सांगायचं आहे. वजन पाच टक्क्यांनी उतरलं की लिव्हरची चरबी कमी होते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही ओसरू लागते. सत्तर किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. बारीक माणसाला तर याहून कमी उतरूनही फायदा होतो. पीपीएआरवर काम करणारं सॅरोग्लिटाझार नावाचं औषध आपल्या शेजारच्या अहमदाबादेत तयार झालं, मधुमेहींच्या रक्तातल्या चरबीसाठी २०१३ साली आणि सुजलेल्या फॅटी लिव्हरसाठी २०२० साली त्याला देशात मान्यता मिळाली. डॉक्टरांनी दिलं तर ते घ्या. पण ज्या प्रथिनाला हलवण्यासाठी कारखान्यात गोळी बनवावी लागते, त्याच प्रथिनाला आपलं ताट दिवसातून दोनदा काही ना काही सांगत असतं. ते काय सांगेल, हे घरात ठरतं.

गाळामालकांना आणि गोदामांच्या व्यवस्थापकांना शेवटची विनंती. तुमच्या कँटीनमध्ये आणि तुमच्या दाराशी उभ्या असलेल्या गाडीवर कामगार खातात तेच त्यांच्या लिव्हरमध्ये जातं. कँटीनच्या कंत्राटात तेल कोणतं आणि तळणाचं तेल किती वेळा वापरायचं हे लिहून घ्या. वापरलेल्या तेलाचा डबा गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेशी आपल्या पट्ट्यातल्या चार-पाच गाळ्यांनी मिळून करार करा, म्हणजे शेजारच्या गाडीवाल्यालाही आपलं तेल तिथे देता येईल. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एका दिवसाचा अर्धा तास कामगारांच्या रक्तचाचणीसाठी द्या, पगार न कापता. बोनसच्या पाकिटासोबत मिठाईचा डबा देण्याऐवजी शेंगदाणा तेलाची एक पिशवी आणि त्या चाचणीची चिठ्ठी दिलीत, तरी चालेल.